नमतं माप

आमच्या घरात एक वही आहे. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून रोजचा खर्च तिच्यात लिहितो. दूध, भाजी, एसटी, रिचार्ज, संकष्टीचा नारळ, सगळं. गेल्या पावसाळ्यातली पानं उघडली की खर्चाच्या शेजारी वेगळेच आकडे दिसतात. 'लंगोट ३'. 'लंगोट ४'. 'लंगोट ६'. आणि मधूनमधून लाल पेनानं किलो आणि ग्रॅम. ती पानं माझ्या बाळंतपणाची.

हे सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार आहेत. हळद, गूळ, मिरची, जे येईल ते तोलायचं. जानेवारीपासून उन्हाळाभर हळदीचा हंगाम, तेव्हा ह्यांचे हात पिवळे, शर्ट पिवळे, घरातला टॉवेलसुद्धा पिवळा. पाऊस लागला की आवक उतरते आणि तिच्यामागं मजुरीही. त्यामुळं हंगामात जे साठेल त्यावर पावसाळा काढायचा, असं आमचं वर्षाचं गणित. गावभागात दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात, वरच्या मजल्यावर. खालच्या खोल्या पाचशेनं स्वस्त होत्या, पण २०१९ च्या पुरात त्या बुडालेल्या. ते पाचशे आम्ही कधी वाचवायला गेलो नाही. काटकसर करायची ती साडीत, हॉटेलात, गाडीत. झोपायच्या जागेत नाही.

माझं माहेर भिलवडीच्या बाजूला. तिथून पूल ओलांडला की कृष्णाकाठचं दत्ताचं औदुंबर. लहानपणी दर गुरुवारी आई मला घाटावर न्यायची. दिवा लावल्याशिवाय चहा घ्यायचा नाही ही तिची शिस्त, ती मी सासरीही मोडली नाही. सासरचा देव गणपती, म्हणून संकष्टीला सांगलीच्या गणपती मंदिरात चालत जायचं आणि गुरुवारी दत्ताची माळ ओढायची. पोटात बाळ असतानाही हे सगळं नीट चाललं होतं. मला वाटायचं, आपली भक्ती चांगली मुरलेली आहे, बाळ झाल्यावर ती वाढेलच.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात गेले. डिलिव्हरी सरकारी दवाखान्यातच करायची हे आमचं आधीच ठरलं होतं. भावकीतल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. पण नाव वेळेत नोंदवलं होतं, सोनोग्राफी झाली होती, सगळं नॉर्मल होतं. मग कर्ज काढून खासगीत कशाला? कळा सुरू झाल्यावर १०२ ला फोन केला, गाडी आली. डिलिव्हरीला, औषधाला, जेवणाला एक रुपया लागला नाही. आषाढातली पहाट होती, बाहेर पाऊस कोसळत होता. मुलगी झाली. २ किलो ६०० ग्रॅम.

सिस्टरनी तिला पुसून लगेच माझ्या छातीवर ठेवलं. पहिल्या तासातच पाजायला लावलं. आजी दारात उभी होती, ती पुटपुटली, "पयला चीक पिळून टाकत्यात, आमच्यात देत न्हाईत." सिस्टर तिच्याकडं वळून म्हणाल्या, "आजी, म्हस व्याली तर रेडकाला चीक पाजता का टाकून देता?" आजीनं जन्मभर गोठा केलेला. ती पुढं काही बोलली नाही. नंतर गावात कुणी बाळंतीण झाली की हेच वाक्य ती स्वतः सांगू लागली.

दोन दिवसांनी घरी आलो. माहेरची माणसं जुन्या वळणाची. दहा दिवस सोयर, आणि सव्वा महिना बाळंतिणीनं देवाला शिवायचं नाही. मला हे माहीत होतं, त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. पण माझ्या बाजल्यावरून देवघराची फक्त उंबऱ्यापर्यंतची फरशी दिसायची. संध्याकाळी वहिनी दिवा लावायची तेव्हा त्या फरशीवर उजेडाचा एक तुकडा पडायचा. तेवढाच माझा देव. माळ उशाशी होती. हातात घेतली की दहाव्या मण्यापर्यंत डोळा लागायचा. चारपाच दिवसांत मी माळ उचलायचीच सोडली. देवावर रुसले नव्हते, पण देव आठवतच नव्हता. जो विचार यायचा तो आता उठेल का, आता प्यायली का, आता शी झाली का, एवढाच. एका दुपारी मी नुसती रडत बसले. आईला वाटलं दुखतंय. मला वाटत होतं की नऊ महिने जे जपलं ते पाच दिवसांत सांडलं.

पाचवीच्या रात्री आजीनं पाटा-वरवंटा पुजला. कणकेचा दिवा, बाजूला कोरा कागद आणि पेन. सटवाई रात्री येऊन लेकराच्या कपाळी लिहिते, तिला लिहायला कागद लागतो. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, म्हणून आजी भिंतीला टेकून जागी बसली. पहाटे मी पाजायला उठले तर ती तशीच, डोळे उघडे, वात सारत होती. मी म्हटलं, "आजी, मला जप होईना झालाय." ती म्हणाली, "माळ ऱ्हाऊ दे की बाजूला. पाजताना हात गुतत्यात, तोंड मोकळंच असतंय न्हवं?" एवढंच बोलली आणि दिव्यात तेल घातलं. सकाळी तो कोरा कागद तिनं माझ्या वहीत घालून ठेवला. त्यावर काही लिहायचं नाही म्हणाली.

लंगोटांबद्दल जरा सांगते, कारण माझा निम्मा दिवस त्यातच जायचा. डायपर घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. आजीच्या दोन जुन्या सुती लुगड्यांचे बत्तीस लंगोट आणि आठ दुपटी निघाली. धुऊन धुऊन ते सूत इतकं मऊ झालेलं की बाजारात कुठल्या किमतीला मिळालं नसतं. ह्यांनीही एक जुनं धोतर पाठवलं. त्याच्या काठाला हळद लागलेली, ती कितीही उकळलं तरी गेली नाही, मग तसेच पिवळट लंगोट झाले. अडचण एकच, पाऊस. तीन तीन दिवस ऊन नाही. मग आईनं जुना मार्ग काढला. शेगडीत निखारे करायचे, वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर लंगोट पसरायचे. अर्ध्या तासात दोन्ही बाजू कोरड्या. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या की कापडाला तो वास धरायचा. बाळाच्या खोलीत मात्र धूर करू दिला नाही. आशाताईंनी सांगितलं होतं, बाळाच्या छातीला धूर नको. म्हणून शेगडी पडवीत, आणि वाळलेला गठ्ठा आत. तो गरम गठ्ठा आई माझ्या मांडीवर आणून ठेवायची. पावसाळी संध्याकाळी त्यावर हात ठेवून बसलं की जरा धीर यायचा.

आशाताई पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी आल्या, मग सातव्या. त्यांच्याकडं झोळीचा काटा. बाळाला झोळीत घालून वर उचलायचं आणि आकडा बघायचा. सातव्या दिवशी आकडा आला २ किलो ३५०. त्या म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, पण हे जरा जास्त वाटतंय, दोन दिवसांनी आरोग्य केंद्रात दाखवू. ते दोन दिवस कसे गेले ते वहीत दिसतं. 'लंगोट ४'. 'लंगोट ३'. त्यांनीच सांगितलं होतं, आठवड्याच्या बाळाला दिवसात सहा वेळा तरी लघवी झाली पाहिजे, मोजा. मी मोजत होते आणि आकडा कमीच येत होता. ती पिते असं मला वाटायचं, पण पाच मिनिटांत झोपायची. माझ्या स्तनांना चिरा पडलेल्या. पाजायची वेळ आली की माझे दात आपोआप आवळले जायचे.

नवव्या दिवशी आरोग्य केंद्रात वजन भरलं २ किलो ३२०. जन्मापासून २८० ग्रॅम कमी, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. डॉक्टर मॅडमनी बाळाला तपासलं, ताप नव्हता, कावीळ नव्हती. मग मला म्हणाल्या, "माझ्यासमोर पाजा." मी पाजलं. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या सिस्टरला बोलावलं.

दूध कमी नव्हतं, बाळ नीट धरत नव्हतं. मी तिच्या तोंडात नुसतं बोंडाचं टोक देत होते. सिस्टरनी माझ्या पाठीला उशी लावली, बाळाचं अंग पूर्ण माझ्याकडं वळवलं, पोटाला पोट लावून. मान आणि कंबर एका रेषेत. मग बोंडानं तिच्या वरच्या ओठाला हलकेच शिवायचं आणि थांबायचं. ती जांभई दिल्यासारखा मोठा आ करते, त्या क्षणाला तिला जवळ ओढायचं, आपण वाकायचं नाही. भोवतीचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात गेला पाहिजे, खालचा ओठ बाहेर उलटलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. चौथ्या प्रयत्नाला जमलं. दुखलं नाही. आणि मग पहिल्यांदा मला तिच्या घशाचा आवाज आला, घुटक, घुटक, मध्ये थांबून परत घुटक. नऊ दिवसांत तो आवाज मी ऐकलेलाच नव्हता, आणि तो ऐकायचा असतो हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

जिथं डिलिव्हरी झाली तिथल्या सिस्टर प्रेमळ होत्या, पण एकेका खाटेजवळ थांबायला त्यांना वेळ कुठं होता? पाजणं बाईला आपोआप येतं असं सगळे धरून चालतात. मला आलं नाही. माझ्या आईलाही तिचं कसं जमलं ते सांगता येत नव्हतं. ज्या कुणी पहिलटकरीण असाल त्यांनी दवाखाना सोडायच्या आत सिस्टरला समोर बसवून घ्या आणि बाळाचा घोट ऐकल्याशिवाय उठू नका. लाजू नका.

मॅडमनी दोन दिवसांची शिस्त घालून दिली. दर दोन तासांनी उठवून पाजायचं, दिवसरात्र. पाजून झालं की उरलेलं दूध हातानं वाटीत काढायचं आणि चमच्यानं द्यायचं. बाटली नको, मध नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको. दोन दिवसांनी परत वजन. तेव्हाही वाढलं नाही तर डब्याचं दूध लिहून देईन म्हणाल्या.

त्या रात्री मी ह्यांना फोन केला. डब्याचा हिशेब मी आधीच मनात घातला होता. चारशे ग्रॅमचा डबा चारशे-साडेचारशेला, चारपाच दिवस पुरणार, म्हणजे महिन्याला तीन हजाराच्या आसपास. आमच्या भाड्याएवढे. सरकारच्या मातृवंदना योजनेचे तीन हजार आले होते ते डिंक, खारीक, खोबरं आणि जाण्यायेण्यात संपत आलेले. मी आकडे सांगत राहिले. हे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "अगं, तू ग्रॅमचं बघ. रुपयाचं मी बघतो. हंगामात जादा पोती तोलीन." डबा लागला असता तर आम्ही आणला असता, त्यात कमीपणा मानला नसता.

आरोग्य केंद्रातून येताना रिक्षा नदीच्या कडेनं आली होती. कृष्णा तांबूस, दोन्ही थड्या भरून चाललेली. औदुंबर पलीकडं कुठंतरी पावसात. सोयर असल्यामुळं जाणं शक्य नव्हतं. बाळ मांडीवर, डोक्यावर आईची छत्री, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दत्तमहाराज, हिचं वजन वाढू दे. सव्वा महिन्याला जेवढी भरेल तेवढा गूळ तुमच्या दारी देईन." नवस म्हणजे देवाशी सौदा असं बरेच जण म्हणतात. सौदे कसे होतात ते मी रोज ह्यांच्या तोंडून ऐकते. सौद्यात आपला माल राखून बोलायचं असतं. माझ्याजवळ राखायला काही नव्हतं. पाच दिवस ज्याचं नाव घ्यायला जमलं नव्हतं त्याच्याशी मी पहिल्यांदा बोलले होते, आणि बोलायला माझ्याजवळ तिच्या वजनाशिवाय दुसरा विषयच नव्हता.

मॅडमनी सांगितलं तेही केलं आणि नवसही बोलले. दोन्हीतलं काय लागू पडलं, असं आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

रात्री दोन वाजता, चार वाजता, बाळाचं तोंड नीट लावायचं आणि घोट मोजायचे. एक घुटक, एक 'दिगंबरा'. आजी म्हणाली होती तसं. कधी मध्येच झोप लागायची, पण तिचा घोट थांबला की मला जाग यायची.

अकराव्या दिवशी काटा २ किलो ३४० वर थांबला. फक्त २० ग्रॅम. सिस्टरनी तो आकडा मला दोनदा दाखवला. त्या दिवशी वहीत 'लंगोट ६' आहे. दुसऱ्या दिवशी बारसं केलं, घरातल्या घरात. पाच सवाष्णी, हरभऱ्याच्या घुगऱ्या, वहिनीच्या मुलाचा पाळणा रंग देऊन नवा केलेला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांनी आजीच्या लुगड्याची दुपटी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "असं कापड आता मिळायचं न्हाई." जन्म एकवीस दिवसांच्या आत नोंदवला की दाखला फुकट मिळतो, तो माझ्या वडिलांनी त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन काढला.

पुढचे आकडे आता तोंडपाठ आहेत. चौदाव्या दिवशी २ किलो ४००. एकविसाव्या दिवशी २ किलो ६००. जन्माचं वजन भरून निघालं त्या दिवशी आशाताईंनी पर्समधलं चॉकलेट काढून मला दिलं. अठ्ठाविसाव्या दिवशी २ किलो ८३०. मध्ये पाऊस वाढला, कोयनेतून पाणी सोडलं. हे रोज सकाळी आयर्विन पुलाजवळची पातळी कळवायचे. पस्तीस फूट. सदतीस फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. मी उत्तरात लंगोट कळवायचे. सात. आठ. पाणी चाळीसला न जाता उतरलं, पण औदुंबरला देवळात शिरून गेलंच.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंची शेवटची फेरी. ३ किलो ३०० ग्रॅम. सहा आठवड्यांची लसही त्याच आठवड्यात झाली. मग हे आले. एका हातात पिशवीत गुळाचे किलोकिलोचे चार रवे, दुसऱ्या हातात यार्डातल्या गोदामात पडून असलेला जुना दांडीचा तराजू. आता तिथं सगळे इलेक्ट्रॉनिक काटे. मी म्हटलं, "आकडा माहीत आहे की, सरळ तेवढा गूळ आणायचा." हे म्हणाले, "आकडा माहीत असला म्हणून काय? नवस तोलायचा बोलली आहेस."

पडवीच्या आड्याला तराजू टांगला. आधी रिकामी पारडी बघितली, एक किंचित खाली होतं. ह्यांनी वरच्या बाजूला दोऱ्यानं एक छोटा खिळा बांधून पासंग काढला. मग एका पारड्यात दुपटं घडी करून घातलं, आणि तसंच दुसरं दुपटं दुसऱ्या पारड्यात, कापडाचं वजन देवाच्या हिशेबात यायला नको म्हणून. बाळाला ठेवलं. आईनं खालून हात धरलेले, टेकू न देता. मी डोक्यापाशी. तीन रवे चढले, तरी बाळाचं पारडं खालीच. चौथा रवा अडकित्त्यानं फोडला. एकेक खडा टाकत गेले तशी दांडी हळूहळू सरळ झाली. बाळ डोळे उघडे ठेवून आड्याकडं बघत होतं.

मी म्हटलं, "झालं." ह्यांनी दांडी अजून धरलेली. दिवसभर लोकांचा माल तोलणारा माणूस, एक ग्रॅम इकडचा तिकडं होऊ देत नाही. त्यांनी खाली वाकून मुठीएवढा अजून एक खडा उचलला आणि गुळाच्या पारड्यात ठेवला. पारडं खाली गेलं, बाळ वर उचललं गेलं. म्हणाले, "देवाचं माप नमतं द्यायचं."

औदुंबरला घाटाच्या पायऱ्यांवर अजून गाळ होता, माणसं पाणी मारून धूत होती. देवळाच्या भिंतीवर पुराची ओली रेघ. गूळ नेऊन ठेवला, बाळाचं डोकं पायरीला टेकवलं. सव्वा महिन्यानं मी देवासमोर उभी होते आणि काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण बाळ रडायला लागलं. एका बाईनं सभामंडपाच्या कडेला सरकून जागा केली. मी पदर घेऊन खांबाला टेकले, तिचा मोठा आ होईपर्यंत थांबले आणि जवळ घेतलं. घुटक. घुटक. हे बाजूला बसून गाळानं भरलेल्या चपला पुसत होते.

त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय: गूळ ३ किलो ४००, रुपये १८०. रिक्षा जाऊन-येऊन १२०. लंगोट ९.